शंभरी गाठलेला गालिचा

सिडकोची स्थापना 1970 ची. म्हणजे आमची नवी मुंबई वयाने माझ्या थोरल्या भावापेक्षा लहान. अशा शहरात शंभर वर्षांचं काहीही दिसलं की लोकांना भरून येतं. फक्त ते आजोबा नसावेत. गालिच्यांच्या धंद्यात शंभरी ओलांडली की अँटिक, त्याच्या आत विंटेज, आणि आपल्या घरातला असेल तर जुनाट.

आमच्या इंटिरियरवाल्या मुलीने नेरूळच्या फ्लॅटचा हॉल पाहून निदान केलं, ''काका, रूम तरंगतेय. एखाद्या जुन्या रगने बांधून घ्यायला हवी.'' खाडीलगत भराव टाकून उभ्या केलेल्या इमारतीबद्दल असं बोलू नये, पण बायकोला पटलं.

दुकानदाराने आधी गालिचा उलटा केला. खरा माल पाठीवरून ओळखायचा म्हणे. हाताने मारलेल्या गाठींची नक्षी मागेही तशीच उमटते आणि कडेची झालर म्हणजे ताण्याचीच टोकं असतात. यंत्राच्या मालाला ती बहुधा मागाहून शिवतात. मधल्या निळ्यात एक पट्टा चक्क फिका होता. मी त्यावर बोट ठेवलं. ''अब्राश!'' तो खूश होऊन म्हणाला. रंगाचा एक घाणा संपला, दुसरा जरा वेगळा उतरला, त्याची ही खूण. साडीत असा पट्टा निघाला असता तर बायकोने दुकान डोक्यावर घेतलं असतं. इथे त्याचेच पैसे जास्त. जुना दिसावा म्हणून नवा गालिचा चहाच्या पाण्यात बुडवणारे महाभागही असतात, हे त्यानेच सांगितलं. आमच्या सोफ्यावर हे काम नातू फुकटात करतो.

मग आवाज उतरवून तो म्हणाला, ''येरवडा जेलचा पीस आहे.''

यात अगदीच थाप नसावी. एकोणिसाव्या शतकात येरवड्याचे कैदी खरोखरच गालिचे विणत, विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला करत. आग्र्याच्या तुरुंगाने तर व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर वाड्यासाठी एवढा अखंड गालिचा विणला की 1992 च्या आगीत तो हलवायला 50 सैनिक लागले म्हणतात. विणणारे शिक्षा भोगून सुटले. गालिचे जन्मठेपेवर आहेत. बायकोला मात्र वेगळीच काळजी. ''आमच्याकडचे येरवड्याला गेले ते बेचाळीसच्या चळवळीत. हा कोणत्या कलमाखाली आत होता?'' कागदपत्र काही नव्हतं. गालिचा घरी आला.

आल्यापासून त्याच्यावर पाय ठेवायची कुणाला सोय नाही. पावसाळ्यात खाडीची दमट हवा लोकर पिऊन घेते आणि मागोमाग कसर लागते, म्हणून उघडीप मिळाली की तो उलटून वाळवायचा. उन्हाने रंग उडतो, म्हणून एरवी पडदे ओढलेले. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात 1539-40 चा अर्दबीलचा गालिचा आहे. विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून 1893 मध्ये 2000 पौंडांना घेतलेला. रंग टिकावा म्हणून त्याच्यावर दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं दिवे लावतात. आमच्या वडिलांनी वीजबिलापायी हीच पद्धत आयुष्यभर घरात चालवली. त्यांना कुणी क्युरेटर म्हटलं नाही, चिक्कू म्हटलं.

परवा साताऱ्याहून आत्या आली. हॉलच्या कडेकडेने, भिंतीला हात लावत सोफ्यापर्यंत पोचली आणि खाली बघून म्हणाली, ''छान आहे गं सतरंजी. केवढ्याला?''

बायकोने आधी माहिती दिली: हातविणीचा, शंभर वर्षं जुना, कुठल्या कुठल्या घरांतून वापरलेला.

''शंभर वर्षं लोकांनी तुडवलेला?'' आत्याचा चेहरा उजळला. ''मग चांगलाच स्वस्त पडला असेल!''

''हो ना,'' बायको म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.