मंगळाचा सातबारा

आकाशदर्शनाचा छंद असलेल्या मनुष्याने उतारवयात कोठे बिऱ्हाड करावे, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी काही लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. पण त्यांच्यापैकी एखाद्याने आषाढातला एक पंधरवडा जरी मावळात काढला असता, तरी ‘लोणावळे वर्ज्य’ एवढे सूत्र त्याने खासच रचले असते. ज्या गावी वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, जेथे ज्येष्ठाच्या अखेरीस रजेवर गेलेला सूर्य नवरात्राच्या सुमारास कधीतरी हजेरी लावतो, आणि जेथे समोर उभ्या असलेल्या नागफणीच्या सुळक्याचे अस्तित्वही केवळ पूर्वस्मृतीच्या आधारे गृहीत धरावे लागते, तेथे चंद्र ही पंचांगात वाचावयाची आणि मंगळ ही पत्रिकेत शोधावयाची वस्तू होऊन बसते.

असे असूनही विश्वातील झाडून सारे चमत्कार आमच्या पदरी पडतात ते नेमके याच चार महिन्यांत. सकाळी वळवणच्या धरणाकडे फिरावयास जाणाऱ्या आम्हा सेवानिवृत्तांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रूप आहे. पावसाळ्यात आमचे फिरणे तहकूब होते. ग्रूप तहकूब होत नाही. उलट, पायांना विश्रांती मिळाल्यामुळे अंगठ्यांना जे स्फुरण चढते, त्याच्या योगाने पहाटे पाचापासून ग्रहताऱ्यांची आवकजावक सुरू होते. पूर्वी फर्मानावर बादशहाचा शिक्का असे, तसा या प्रत्येक निरोपावर ‘नासा’ हा शिक्का असतो. आणि शिक्का पाहिल्यावर मजकूर वाचण्याची तसदी घेणे हे बेअदबीचे लक्षण आहे, अशी आमच्या मंडळींची पिढीजात समजूत आहे.

जुलै उजाडला की पहिला मान सूर्याचा. ‘उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी पृथ्वी सूर्यापासून अतिशय दूर जाणार असून 22 ऑगस्टपर्यंत कडाक्याची थंडी पडेल, खोकला, ताप आणि धाप यांपासून जपावे’, असा तो वार्षिक जाहीरनामा असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ गणितही दिलेले असते: एरवी सूर्याचे अंतर 9 कोटी किलोमीटर, ते आता होणार 15 कोटी 20 लक्ष. यातला दुसरा आकडा बरोबर आहे, आणि त्यातच खरी मौज आहे. पहिला आकडा जन्माने किलोमीटर नसून मैल असावा. सूर्याचे सरासरी अंतर 9 कोटी 30 लक्ष मैल, म्हणजेच 15 कोटी किलोमीटर, हे पूर्वीच्या शाळकरी पुस्तकांतून आम्ही घोकलेले आहे. गुंठ्यांच्या आकड्यातून एकरांचा आकडा वजा करून जमीन वाढल्याचा आनंद मानावा, तशी ही वजाबाकी. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या जवळात जवळ असते तेव्हा अंतर सुमारे 14 कोटी 71 लक्ष किलोमीटर असते आणि दूरात दूर जाते तेव्हा 15 कोटी 21 लक्ष. फरक शेकडा तीन-साडेतीन. शिवाय ती जवळ असते जानेवारीच्या आरंभी, म्हणजे ज्या दिवसांत तुंगार्लीच्या चढावर आम्ही कानटोपी चढवून कुडकुडत असतो, त्या दिवसांत. हे सारे मी ग्रूपवर सविस्तर लिहिले. उत्तरादाखल एका स्नेह्यांनी हात जोडलेले चित्र पाठविले आणि दुसऱ्यांनी आल्याच्या काढ्याची कृती.

ऑगस्टात मंगळ येतो. 27 ऑगस्टच्या रात्री तो पूर्णचंद्राएवढा दिसेल, आकाशात दोन चंद्र उगवतील, आणि ही संधी पुन्हा आपल्या नातवंडांनाही लाभणार नाही, असा त्याचा थाट असतो. ही न लाभणारी संधी दोन तपांच्या घरात दरवर्षी लाभत आली आहे, याची खंत कोणालाच नाही. मूळ गोष्ट 2003 सालची आणि अगदी खरी. त्या वर्षी 27 ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे 5 कोटी 58 लक्ष किलोमीटरवर आला. इतका जवळ तो सुमारे साठ हजार वर्षांत आलेला नव्हता. 75 पट मोठे करून दाखविणाऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यास तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासेल, असे त्या वेळी कोणीतरी इमानाने लिहिले होते. पुढे हातोहाती नकला होताना दुर्बीण गळाली आणि चंद्र राहिला. आणखी एक बारीकशी गोष्ट, जी कोणत्याही दिनदर्शिकेच्या पानावर फुकट पाहावयास मिळाली असती, ती अशी की, ज्या रात्रीच्या दाखल्यावर हे दोन चंद्रांचे मनोराज्य उभे आहे, ती 2003 सालची रात्र अमावास्येची होती. दोन तर सोडाच, एकही चंद्र हजर नव्हता.

परंतु हे कळणार कसे? 27 ऑगस्टला लोणावळ्यात कोणी वर पाहत नाही. पाहिले तर चष्म्यावर पाणी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘काय, दिसला का?’ असे विचारावे, तर ‘आमच्याकडे ढग होते हो, पण पुण्याला स्पष्ट दिसला म्हणे’ असे उत्तर मिळते, आणि पुण्याचे लोक तोच हवाला मुंबईवर ढकलतात. ढगांइतका खोट्या खगोलवार्तेचा दुसरा कुलमुखत्यार नाही. ते बातमीला नाकारत नाहीत आणि पुरावाही मागू देत नाहीत.

दिवाळीत आभाळ निवळते, तेव्हा चमत्कारांना दिशा बदलावी लागते; मग खालून वर पाहण्याऐवजी वरून खाली पाहिलेले चित्र येते. दीपोत्सवाच्या रात्रीचा भारत, तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिपक्यांनी लखलखणारा, अर्थात नासाच्या उपग्रहाने टिपलेला. हे चित्र खोटे नाही, फक्त त्याचे नाव खोटे आहे. अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने निरनिराळ्या वर्षांची रात्रीची उपग्रहचित्रे एकत्र करून ते रचले: 1992 पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढरे, 1992 साली दिसू लागले ते निळे, 1998 चे हिरवे आणि 2003 चे तांबडे. म्हणजे हे दीपोत्सवाचे चित्र नसून देशभर वाढत गेलेल्या वस्तीचे आणि विजेचे फेरफार-रजिस्टर आहे. खुद्द नासाने 2012 च्या दिवाळीतील, 12 नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा सोबत असेही सांगितले की पणत्यांचा अधिक उजेड अवकाशातून ओळखू येण्याइतका नसतो. ते फिकट चित्र मी ग्रूपवर टाकले. ‘यात आपले गाव काही दिसत नाही’ असा अभिप्राय आला आणि पुन्हा रंगीत चित्राची पाठवणी सुरू झाली.

आमच्या या ग्रूपचे भूषण म्हणजे एक माजी तलाठी. त्यांना सारे भाऊसाहेब म्हणतात. नोकरीतली उभी हयात त्यांनी पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत काढली. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून या भागातील मुरमाड माळाला जो भाव आला, त्यामुळे येथे एक गुंठा घ्यावयाचा म्हटला तरी सातबारा, आठ-अ, फेरफार, चतुःसीमा, मोजणीचा नकाशा, तीस वर्षांचा शोध आणि शेवटी ‘कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी’ अशी वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, एवढी वाटचाल केल्यावाचून कोणी विसार देत नाही. भाऊसाहेबांनी आयुष्यात एकही नोंद रुजवातीवाचून हाताखालून जाऊ दिली नाही, असा त्यांचा लौकिक आहे. आणि मंगळाचा तो निरोप आमच्या ग्रूपवर सर्वांत आधी टाकतात तेही भाऊसाहेबच!

एकदा मी त्यांना स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिताना यावरून छेडले. ते बशी खाली ठेवून म्हणाले, “अहो, जमिनीत पैसे गुंतलेले असतात. मंगळात माझं काय जातंय?” खोट्या खगोलशास्त्राची इतकी नेमकी मीमांसा मी अन्यत्र वाचलेली नाही. शिकलेली माणसे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतात ते अडाणीपणाने नव्हे; चौकस बुद्धी त्यांच्यापाशी भरपूर असते, पण ही माणसे ती फक्त मुद्रांक शुल्क भरावे लागते तेथे खर्च करतात.

या मीमांसेचा पुरावा फार लवकर, आणि तोही त्यांच्याच घरातून मिळाला. त्यांचा पुतण्या पवना धरणाच्या काठी तंबू लावून पर्यटकांची सोय करतो. 31 डिसेंबरच्या मुक्कामाची जाहिरात त्याने मोबाइलवर तयार केली आणि काकांना दाखवावयास आणली. चित्रात खाली पाणी, काठाला तंबूंची रांग, मागे तिकोना, आणि त्याच्या माथ्यावर या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत धगधगणारी आकाशगंगा. शेजारी किल्ल्याहून मोठी चंद्रकोर, आणि कोरीच्या दोन टोकांच्या बेचक्यात बसविलेला एक टपोरा तारा. येथे मात्र भाऊसाहेबांचे काही जात होते, कारण तंबूंचे कर्ज त्यांच्या जामिनावर घेतलेले होते. त्यांनी चष्मा पुसला, बोटांनी चित्र मोठे केले आणि कोरीवर नख टेकवून जाबजबाब सुरू केला.

“चंद्र कोरीएवढाच असतो का रे?”

“नाही काका. बाकीचा अंधारात असतो.”

“म्हणजे जागा त्याचीच ना? मग त्याच्या हद्दीत हा तारा शिरला कुठून? हे सरळसरळ अतिक्रमण आहे.”

खगोलशास्त्रातील इतका शुद्ध सिद्धान्त महसुली भाषेत मांडलेला ऐकून मला भरते आले, आणि मी उरलेल्या बाबींत सरकारपक्षाला साहाय्य केले. आकाशगंगेचा तो तेजस्वी मध्यभाग धनू राशीच्या दिशेला असतो. डिसेंबरअखेर सूर्यही त्याच बाजूला असल्यामुळे तो भाग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्री तो पवनेवर दाखविणे हे परगावी असलेल्या आसामीला पंचनाम्यावर हजर दाखविण्यासारखेच झाले. त्याऐवजी त्या रात्री खरोखर जे असते ते छापावे: पूर्वेकडून चढत येणारे मृग नक्षत्र, डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, आणि मध्यरात्र उलटताच ऐन दक्षिणेस उंच आलेला व्याध, आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. पुतण्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. “काका, गिऱ्हाईक एवढं वाचत नाही,” तो म्हणाला. अखेर तडजोड झाली. ताऱ्याचे अतिक्रमण त्याच दिवशी हटविण्यात आले. आकाशगंगेबाबत जैसे थे परिस्थिती कायम आहे.

कोणी म्हणेल, हा रोग मोबाइलचा. तसे मुळीच नाही. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र येऊन जगबुडी होणार म्हणून देशभर होमहवने झाली, तेव्हा हा उपद्व्याप मोबाइलवाचून यथास्थित पार पडला होता. त्या आठांतला आठवा आसामी केतू, ज्याला देह नाही, जो केवळ चंद्राच्या वाटेने सूर्याची वाट ओलांडण्याचा एक बिंदू आहे, हे तेव्हाही कोणी विचारात घेतले नाही. इंग्लंडात पॅट्रिक मूर या ज्योतिर्विदाने 1 एप्रिल 1976 रोजी बीबीसीच्या नभोवाणीवरून सांगितले की, सकाळी 9 वाजून 47 मिनिटांनी गुरू आणि प्लूटो एका रेषेत येताच पृथ्वीवरील वजन कमी होईल, त्या क्षणी उडी मारावी. आणि आपण तरंगल्याचे कळविणारे दूरध्वनी खरोखरच आले. तोच विनोद पुढे 4 जानेवारी 2015 ची तारीख लावून नासाच्या नावाने जगभर फिरला. विनोदाला वार्धक्य आले की तो बातमी होतो.

या सगळ्यात बिचाऱ्या खऱ्याची फार आबाळ होते. 23 ऑगस्ट 2023 च्या सायंकाळी चंद्रयान-3 चंद्रावर उतरले, त्यानंतर इस्रोने जे पहिले छायाचित्र दिले, त्यात करड्या जमिनीचा एक तुकडा, यानाचा एक पाय आणि त्या पायाची सावली, एवढेच होते. दक्षिण ध्रुवाच्या इतक्या निकट तोवर कोणाचेही यान अलगद उतरलेले नव्हते; ती सावली पाहून ज्याच्या अंगावर काटा आला नाही, त्याने आपली त्वचा वैद्यास दाखवावी. आमच्या ग्रूपवर तिला एक अंगठा मिळाला, आणि तोही माझाच. त्याच रात्री चंद्राच्या मातीत उमटलेल्या ठसठशीत राजमुद्रेचे चित्र आले. यानातून उतरलेल्या गाडीच्या चाकांवर राजमुद्रा कोरलेली होती हे खरे. पण ते चित्र कोणा हौशी कलावंताने घरी बसून काढलेले होते, आणि त्याची आद्याक्षरेही त्यावर होती. त्यापुढे मात्र सारा ग्रूप हात जोडून उभा राहिला.

आकाशातून खरी वस्तू पडली, तर मात्र आपले शासन तिची दखल चोख घेते. 2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे सरकत गेले. कोणी उल्का म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र, कोणी परग्रहवासी. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे एक प्रचंड कडे पडले. ते एका चिनी अग्निबाणाचा अवशेष असावे, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे. त्या कड्याची रवानगी पोलीस ठाण्यात झाली आणि ते पाहावयास इस्रोचे शास्त्रज्ञ आले. अवकाशाचा मुद्देमाल असा जमा होऊ शकतो, हे भाऊसाहेबांना फार पटले.

आणि पडताळ्याची शिकवण आम्हांस लांबून आणावयाची नाही. याच लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले. नौली करणारे योगी अंतर्भागात पाणी ओढून घेतात, असे परंपरा सांगत आली होती. स्वामींनी त्यापुढे नुसते हात जोडले नाहीत, की त्याची टवाळीही केली नाही. त्यांनी दाबमापक लावला, आत दाब खरोखर उतरतो हे मोजले, आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात ते मोजमाप छापले. श्रद्धेचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही.

तेव्हा माझा अर्ज इतकाच, की यापुढे ग्रूपवर आलेल्या प्रत्येक ग्रहाचा सातबारा मागावा: चित्र कोणाचे, कोणत्या तारखेचे, मूळ नोंद कोठे, आणि मधल्या फेरफारांत काय गळाले. जो देता येत नसेल, त्याची नोंद ‘नामंजूर’ करून पुढे पाठविणे तहकूब ठेवावे. आता जाता जाता एक खरी बातमी: 28 ऑगस्ट 2287 रोजी मंगळ 2003 पेक्षाही किंचित जवळ येणार आहे. तेव्हाही तो चंद्राएवढा दिसणार नाही, आणि ऑगस्ट असल्यामुळे लोणावळ्यात बहुधा दिसणारच नाही. ही तारीखही वाचकांनी माझ्या शब्दावर घेऊ नये. आधी तपासावी आणि मगच पुढे पाठवावी.