पन्नास हजारांची बॅट, साडेचार फुटांचा फलंदाज

परीक्षा संपल्या, क्रिकेटचे कॅम्प सुरू झाले. मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, पोरं नेटमध्ये असतात आणि जाळीबाहेर पालक एकमेकांच्या पोरांच्या बॅटी न्याहाळत उभे असतात. "कितीला पडली?" हा तिथला पहिला प्रश्न. उत्तर अलीकडे पाच आकडी असतं. अकरा वर्षांच्या मुलाला पंचवीस हजारांची, तीस हजारांची, क्वचित पन्नास हजारांचीही इंग्लिश विलो. दोन पावसाळ्यांत ती त्याला आखूड होणार, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. यातला बहुतेक पैसा वाया जातो. हप्त्यांवर बॅट घेणाऱ्या माणसाला हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. दुकानदार सांगणार नाही, आणि कोचही पुष्कळदा गप्प बसतात.

आधी हे बघा की महाग बॅट महाग कशामुळे होते. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. इंग्लंडमध्ये एसेक्स, सफोक भागात ते मुद्दाम बॅटीसाठी लावतात. त्याच्या फळ्या मेरठ-जालंधरला येतात आणि तिथे बॅटी घडतात. फळीची प्रत ठरते ती डोळ्यांनी पाहून. उभे ग्रेन, म्हणजे लाकडातल्या रेषा, किती, त्या सरळ आहेत का, लाकूड पांढरं आहे की कडेला तपकिरी पट्टा आलाय, कुठे डाग किंवा ठिपका आहे का. सरळ ग्रेनची, बिनडागी फळी पहिल्या प्रतीची. डाग असला की दुसरी, तिसरी. या प्रतवारीत बॉल मारून पाहणं कुठेच नाही. ग्राहक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो ते लाकडाच्या दिसण्याचे.

बॉल कसा जाईल हे ठरतं दुसरीकडे. पातं यंत्रात किती दाबलंय, लाकडात ओल किती उरलीय, वजन पात्यावर कसं वाटलंय, आणि दांडा मधोमध बसलाय का. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतून निघालेल्या दोन बॅटी वेगळ्या वागतात. दुकानात मोगरीने ठोकून 'पिंग' ऐकणारा जुना खेळाडू हे जाणतो, म्हणून तो कपाटातल्या डागाळलेल्या बॅटीही काढायला लावतो.

आता ग्रेनचीच आणखी एक गोष्ट, जी पालकांना कुणी सांगत नाही. दाट ग्रेनची बॅट लवकर खुलते आणि लवकर थकतेही. विरळ ग्रेनची उशिरा खुलते, पण टिकते. कॅम्पमधले सीझन बॉल कसे असतात? स्वस्त, शिवण उसवलेले, दगडासारखे कडक. त्यात पोरगं यॉर्कर खाणार, बॅटीचा पायथा सिमेंटच्या विकेटवर आपटणार, आणि जून आला की बॅगेत ओलाव्यात ती तशीच पडून राहणार. तिला वेळेवर जवसाचं तेल पाजायला आणि दोन आठवडे मोगरीने नॉक करायला घरात कुणाला सवड आहे? बारा ग्रेनची ती देखणी बॅट दिवाळीआधी चिरते. म्हणजे जी वस्तू लवकर मोडणार, तिच्यासाठी जास्त पैसे गेले.

"पण नव्या बॅटीत पॉवर जास्त असते." असते की! पण नियमांनी त्या पॉवरला कधीच दावं बांधलंय. 1771 साली टॉमस व्हाइट नावाचा फलंदाज स्टम्पांएवढी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. लगेच रुंदी सव्वाचार इंचांवर आली, ती आजही तेवढीच आहे. 1979 मध्ये डेनिस लिलीने पर्थला ॲल्युमिनियमची बॅट आणली. मग पातं लाकडाचंच हवं असं ठरलं. पुढे टी-ट्वेंटीत कडा फुगत चालल्या, तेव्हा ऑक्टोबर 2017 पासून कड 40 मिलिमीटर आणि जाडी 67 मिलिमीटर या पक्क्या मर्यादा झाल्या. पन्नास हजारांची बॅटही याच चौकटीत आणि दहा हजारांचीही याच चौकटीत. 'यंदाचं नवीन मॉडेल' म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुधा स्टिकर नवा असतो, ग्रिपचा रंग नवा असतो आणि किंमत नवी असते.

हा प्रकार फक्त क्रिकेटचा नाही. चेंबूरला 1927 पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. गोल्फमध्ये पहिला लांब फटका ज्या काठीने मारतात ती ड्रायव्हर. तिचं नवं मॉडेल जवळपास दरवर्षी येतं आणि अर्ध्या लाखाच्या आसपास पडतं. पण तिच्या डोक्याचा आकार 460 घन सेंटिमीटरवर बांधलेला आहे आणि मुखाची उसळही. 2004 पासून ही वेस हललेली नाही. कारखाने आता मधोमध न बसलेला फटका थोडा सावरून घेण्यावर मेहनत करतात. ज्याचा हात नीट फिरत नाही, त्याने तीच रक्कम चांगल्या शिक्षकावर खर्च केली तर जास्त अंतर मिळतं. तरी तिथे घेणारा माणूस मोठा असतो, कमावता असतो, आणि त्याची उंची वाढायची राहिलेली नसते. आपण हाच खर्च वाढत्या पोरावर करतो.

नुकसान नुसतं पैशांचं असतं तरी मी एवढं ताणलं नसतं. खरी हानी वजनाने होते. महाग बॅटीचं आकर्षण म्हणजे जाड कडा, आणि जाड कडांबरोबर वजन येतं. घरचे 'पुढे वापरेल' म्हणून मोठ्या साइजची घेतात. साडेचार फुटांच्या पोराच्या हातात हॅरो साइजची, म्हणजे मोठ्यांच्या बॅटीहून जेमतेम लहान, बॅट दिली की वरचा हात निकामी होतो. सगळी उचल खालच्या हातावर येते. बॅट स्लिपकडून वळसा घेऊन येते आणि सरळ बॉलला आडवी जाते. मिडविकेटकडे एखादा फटका सणसणीत बसतो, बाहेरून टाळ्या पडतात आणि सवय पक्की होते. मग चौदाव्या वर्षी चांगल्या वेगाचा गोलंदाज भेटतो आणि मधला स्टम्प पडतो. मुंबईची फलंदाजी उभी राहिली ती सरळ बॅटवर. ती सरळ यायला आधी मनगटाला पेलावी लागते.

सचिन तेंडुलकर सव्वा किलोहून जड बॅटीने खेळला, हा दाखला हमखास समोर येतो. तो अपवाद आहे, आणि अपवादाच्या मापाने शाळकरी पोराचे कपडे कुणी शिवत नाही. सचिनचा दाखलाच हवा असेल तर 1996 च्या विश्वचषकाचा घ्या. त्या स्पर्धेत त्याच्या बॅटीवर कुठल्याही कंपनीचा स्टिकर नव्हता. कोऱ्या बॅटीने 523 धावा झाल्या, स्पर्धेत सर्वांत जास्त.

बोरिवलीकरांना तर लांब जायलाच नको. रोहित शर्मा इथेच आजी-आजोबांकडे वाढला. 1999 च्या उन्हाळ्यात दिनेश लाड सरांनी त्याला पाहिलं ते ऑफस्पिन टाकताना. सर जिथे कोच होते त्या स्वामी विवेकानंद शाळेची महिना 275 रुपये फी घरच्यांना झेपणार नव्हती. सरांनी ती माफ करून घेतली. नंतर एकदा शाळेच्या फाटकाजवळ हे पोरगं बॅटीने नॉकिंग करताना त्यांना दिसलं. बॅट किती सरळ येतेय हे पाहून सरांनी त्याला फलंदाजीत वर नेलं. ती बॅट कितीची होती हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

आता हिशेब. चाळीस हजारांत, पाचशेचा एक धरला तरी, ऐंशी लेदर बॉल येतात. उपनगरातल्या पोराचा खरा दुष्काळ बॅटीचा नाही, बॉल खेळायला मिळण्याचा आहे. एका नेटमागे वीस-पंचवीस मुलं आणि वाट्याला जेमतेम पाच-सात मिनिटं. त्यातले अर्धे बॉल वाइड. मैदानं कमी, जी आहेत त्यांवर टर्फवाल्यांचे तासाचे दर. अशा शहरात आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास कुणी नीट थ्रोडाउन दिले, म्हणजे जवळून हाताने बॉल टाकले, तर तो मुलगा सहा महिन्यांत वेगळा दिसायला लागतो. हे थ्रोडाउन बाबाही देऊ शकतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, टेनिस बॉलने. खर्च शून्य. पण ते मित्रांना दाखवता येत नाही, आणि बॅट दाखवता येते.

मी पालकांच्या प्रेमावर शंका घेत नाही. ज्यांनी स्वतः सुताराकडून कापून आणलेल्या फळीने गल्लीत अंडरआर्म खेळून काढलं, त्यांना मुलाच्या हातात खरी बॅट पाहायची असते. पण त्याच नेटमध्ये शेजारी दुसरा एक मुलगा उभा असतो. त्याचा बाप रिक्षा चालवतो किंवा आई चार घरची पोळीभाजी करते. त्याची बॅट काश्मिरी विलोची, दोन हजारांची. तो शून्यावर बाद झाला की त्याला वाटतं, बॅट हलक्या प्रतीची म्हणून. आणि त्याच्या घरच्यांना वाटतं, हा खेळ आपला नाही. अनेक पोरं सीझन बॉल सोडतात ती इथे. ज्या शहराने चाळीतल्या, बैठ्या घरातल्या पोरांना कसोटीपर्यंत नेलं, तिथे बॅटीच्या किमतीने आधीच गाळणी लावायची, याचा मला राग येतो.

काश्मिरी विलोला नाक मुरडू नका. 2021 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानचे काही खेळाडू काश्मिरी बॅटी घेऊन उतरले होते. ती लाकडाने जड पडते एवढं खरं, म्हणून उचलून पाहूनच घ्यावी. बारा वर्षांखालच्या मुलाला तीच पुरे. वरच्या हाताने एकट्याने बॅट समोर आडवी धरायला सांगा. दहा-पंधरा सेकंदांत मनगट खाली आलं तर ती बॅट जड आहे, मग तिच्यावर कुणाचंही नाव असो. तेरा-चौदाला सीझन बॉल नियमित सुरू झाला की तिसऱ्या प्रतीची, डागवाली इंग्लिश विलो घ्या. उंची थांबली, मुलगा सोळा-एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचण्यांना जायला लागला, समोर खरा वेग आला, की चांगल्या बॅटीवर खर्च करायला माझी ना नाही. तेव्हाही देखण्या ग्रेनपेक्षा उचल पाहा. आणि दांडा मोडला म्हणून बॅट फेकू नका. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या आसपास, दांडा बदलून पातं वर्षभर चालवून देणारे कारागीर आहेत.

कोचना एक मागणी. पूर्वी शाळेच्या टीमची एकच किटबॅग असायची. तीन-चार बॅटी, दोन जोड पॅड. बाद झालेला पोरगा येताना बॅट पुढच्याच्या हातात द्यायचा. कॅम्पच्या फीमधून अशी एक किट उभी करणं अजिबात अवघड नाही. मुलुंड-घाटकोपरच्या कपाटांत आखूड झालेल्या चार आणि पाच नंबरच्या चांगल्या बॅटी पडून आहेत. एक रविवार ठरवा, त्या गोळा करा, नॉक करून किटमध्ये टाका, आणि नेटमध्ये सगळ्यांनी त्याच बॅटींनी खेळायचं असा नियम करा. घरची बॅट फक्त मॅचला. या मे महिन्यात अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या एका तरी कॅम्पने हे करून दाखवावं. माझ्या भाच्याची पाच नंबरची बॅट मी आणून देतो.