वाघदेवाची मिशी

माझा एक मित्र नाशकात राहतो. माणूस जे जे करतो ते भीतीपोटीच, हे त्याचं ठाम मत. विमा, उपास, दाढी, सकाळचं फिरणं, साऱ्याच्या बुडाशी त्याला भीती दिसते. आहार, निद्रा, भय, मैथुन या चौकडीत भयाला तिसरा पाट मांडला, हा जुन्या पंडितांनी केलेला उघड अन्याय, असं तो म्हणतो. हॉब्ज हा इंग्रज तत्त्वज्ञ तर त्याचं कुलदैवतच. १५८८ साली स्पॅनिश आरमार चालून येतंय या धास्तीने हॉब्जच्या आईला दिवस भरण्याआधीच कळा लागल्या, आणि पुढे म्हातारपणी त्याने लिहून ठेवलं की भीती आपलं जुळं भावंड. हे सांगताना मित्र असा खुलतो की बाळंतपणाला सुईणीच्या मागे तोच गरम पाणी घेऊन उभा असावा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याला हरसूलला नेलं. गिरणारे मागे पडलं की पुढे वाघेरा घाट. गावाचं नाव वाघेरा, डोक्यावरच्या किल्ल्याचंही वाघेरा. एसटीची दांडी दोन्ही हातांनी धरून मित्र म्हणाला, "बघ, नावातसुद्धा भीती." मी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि गप्प राहिलो. बाहेर नागली काढणीला आली होती, भाताच्या खाचरांवर उन्हाचा पिवळा हात फिरत होता, आणि इतकं सगळं पिकायला नुसती भीती पुरत असेल हे मला काही पटेना.

लहानपणी वडिलांची मास्तरकीची बदली झाली म्हणून आम्ही या मुलखात तीन पावसाळे काढले. पावसाळे म्हणतो, कारण तिथे वर्षं तशीच मोजावीत. उरलेले महिने कपडे वाळवण्यात जातात. आमच्या पाड्याच्या शिवेवर वाघदेव होता. उभा दगड, वर चंद्र-सूर्य, बाजूला नाग, मधे वाघ, आणि सगळ्यावर शेंदूर. कोरणाऱ्याने वाघाला मिशी दिली होती ती अशी, की शेजारणीकडचं दूध पिऊन आलेलं मांजर "मी नाही त्यातला" म्हणत बसावं. ज्याने रात्री गोठ्यातून वासरू ओढून न्यायचं त्याचा हा चेहरा! मला वाटतं, छिन्नी हातात घेईपर्यंत तो माणूस घाबरलेला असणार. पण मिशीचा एकेक केस कोरायला दुपार लागते, आणि दुपारभर कुणाच्या तोंडाकडे पाहत बसलं की त्याची नीटशी भीती वाटेनाशी होते. लग्नं टिकतात ती बहुधा अशीच.

आश्विन वद्य द्वादशीला नाशकात वसुबारस असते, सवत्स गाईच्या पायांवर पाणी घालतात. त्याच तिथीला या डोंगरांत वाघबारस. घाटाच्या एका अंगाला गाईची पूजा, दुसऱ्या अंगाला गाय खाणाऱ्याची. मागणं दोन्हीकडे एकच, गाय वाचू दे. ठाणे-पालघरकडच्या वारल्यांच्या वाघोबावर अभ्यासकांनी २०२१ साली शोधनिबंध लिहिला, त्यांना वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी सापडली. पट्ट्यांचा वाघ या भागातून कधीच गेला. बिबट्या मात्र आहे, आणि तो थोरल्या भावाच्या नावावर आलेला नारळ निमूट घेतो.

अकोले तालुक्यात वाघबारशीला गुराखी पोरं वाघ, अस्वल, कोल्हा होतात. बाकीची त्यांच्यामागे धावतात, "आमच्या शिवारी येशील का?" आणि पुढचा वाघ "नाही, नाही" म्हणत जीव खाऊन पळतो. वर्षभर आपण ज्याला भ्यायचं, त्याने एक दिवस आपल्याला भ्यावं, इतका साधा व्यवहार. मित्राच्या सिद्धान्तात हा पळणारा वाघ कुठे बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

वडील मात्र खरेच भित्रे. तालुक्याहून शेवटच्या गाडीने यायचे, फाट्यावर उतरायचे आणि बॅटरी हलवत पाड्याकडे निघायचे. वाघदेवापाशी आले की मोठ्याने खाकरायचे आणि अंधाराला उद्देशून म्हणायचे, "मी आहे हो, मास्तर!" हुद्दा सांगितला की जनावर मागे सरतं, असा त्यांचा समज असावा. शाळेत तसा अनुभव नव्हता. ती खाकर रानावरून आमच्या घरापर्यंत यायची. आई काही न बोलता उठायची, चुलीत दोन काटक्या सारायची आणि तवा ठेवायची. वडील दारात पाय धुवेपर्यंत नागलीची भाकरी फुगलेली असायची. आपल्या घाबरण्यावर घरी तवा तापतो, हे त्यांना बदली होईपर्यंत कळलं नाही. कळल्यावर ते जरा ओशाळले, मग नाशकातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातही जिना चढताना खाकरू लागले. तिथे गॅस होता, आणि जिन्यात दिवाही.

मित्राला घेऊन त्या दगडापाशी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शेंदूर ताजा होता, पायाशी नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या, मिशी तशीच. मागे झुडपात काहीतरी सळसळलं. बहुधा सरडा. मित्राने इकडेतिकडे पाहिलं आणि, घशात काही नसताना, चांगला मोठ्याने खाकरला.

"नागलीची की तांदळाची?" मी विचारलं.