महत्त्वाकांक्षा, मीडियम

आयर्लंडने आपली महत्त्वाकांक्षा ठरवली आहे. पातळी दोन.

थट्टा नाही. देशाच्या संरक्षणाचं पुढे काय करायचं, यावर तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये एक जाडजूड अहवाल निघाला आणि त्यात महत्त्वाकांक्षेच्या चक्क तीन पातळ्या छापल्या होत्या. पातळी एक म्हणजे चाललंय तसं चालू द्या. पातळी दोन म्हणजे जरा सुधारा. पातळी तीन म्हणजे आपल्याएवढे इतर देश करतात तेवढं करा. पातळी एकवरच बसून राहिलात तर वेळ आल्यावर देशाचं रक्षण फार दिवस जमायचं नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. जुलैपर्यंत खल झाला. उडप्याच्या हॉटेलात मेनूकार्ड पुढून-मागून वाचून माणूस शेवटी जे सांगतो, तेच देशाने सांगितलं. मीडियम. टेबलावर यायचं साल २०२८.

हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आपण आजवर महत्त्वाकांक्षा बाळगली ती अडाण्यासारखी, घाऊक. तिला पातळ्या असतात, हे कुणी सांगितलंच नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी कांदेपोह्यांच्या बशीवरून विचारलं होतं, 'पुढे काय करायचा विचार आहे?' मी घाम पुसत काहीतरी बरळलो. सरळ सांगायला हवं होतं, 'पातळी दोन. २०२८ पर्यंत.' नकार आला असता, पण अहवालासारखा भारदस्त आला असता. शेजारचा दहावीतला चिरंजीव आता मला जिन्यात थांबवून सांगतो, 'काका, मराठीत पातळी दोन, गणितात पातळी एक.' त्याचे वडील भडकतात. मी त्यांची समजूत घालतो की, अहो, पोराने युरोपचं संरक्षणशास्त्र आत्मसात केलंय. जानेवारीत जिमची वर्षभराची फी भरणारा आणि फेब्रुवारीत त्याच जिमवरून मान खाली घालून जाणारा प्रत्येक माणूस पातळी तीनवरून पातळी एकवर उतरलेला असतो, एवढंच.

पण 'पातळी' या शब्दाची खरी गंमत मराठीतच कळते. ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे वाढले की आमटीत तांब्याभर पाणी जातं. पातेल्यातली पातळी वाढते आणि आमटी पातळ होते. आयर्लंडच्या तिन्ही दलांत मिळून मंजूर जागा साधारण ९,५००. प्रत्यक्षात माणसं अलीकडच्या वर्षांत साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे दोन हजार खुर्च्या रिकाम्या. आता ओळखा पाहू, पातळी दोनमध्ये यावर उपाय काय? मंजूर जागा वाढवून ११,५०० करायच्या! डाळ तेवढीच, वर तांब्याभर पाणी. ज्याने कुणी हा हिशेब मांडला असेल, त्याच्या घरी अचानक जेवायला जाऊ नये.

आता या आमटीवर किती मोठी पंगत उठवायची आहे ते बघा. आयर्लंडची जमीन सत्तर हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा चौथा हिस्सासुद्धा नाही. पण राखायचा समुद्र चार लाखांहून जास्त. अख्खा महाराष्ट्र त्यात बुडवला तरी वर कडेने होडी फिरवायला जागा उरेल. उत्तर गोलार्धातल्या समुद्राखालच्या तारांपैकी पाऊणएक हिस्सा त्या पाण्यातून किंवा त्याच्या आसपासून जातो, असं नेहमी सांगितलं जातं. तुमच्या बॉस्टनच्या पुतण्याने डब्लिनच्या भाचीला पाठवलेलं गुड मॉर्निंगचं फूल तिथूनच सरपटत जात असणार. ते फूल कुणी कापलं तर जगाचं फारसं बिघडणार नाही. पण त्याच तारेतून बँकांचा पैसाही जातो, आणि तिच्यावर नजर ठेवणारं जहाज धक्क्याला असतं.

धक्क्याला का? बिघडलंय का? नाही. डिझेल नाही? आहे. माणसं नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये दोन धडधाकट गस्ती नौका याच कारणासाठी बांधून ठेवल्या. त्याआधीच्या वर्षी तीन म्हाताऱ्या नौका सेवेतून काढल्या होत्या, म्हणजे त्यांची माणसं तरी मोकळी झाली असतील असं तुम्हाला वाटेल. तीसुद्धा पुरली नाहीत. या ताफ्यातल्या चार नव्या नौकांना आयरिश साहित्यिकांची नावं आहेत. ही कल्पना आम्हा लेखकांना पहिल्यापासून पसंत होती, पण आता तिचा अर्थ लागला. साहित्यिकाच्या नावाची वस्तू म्हणजे लोकार्पण थाटात, फोटो झकास, आणि पुढे ती कपाटात. कुणी उघडून बघत नाही.

माणसांची ही चणचण जुनीच, म्हणून २०२२ च्या वसंतातच, पातळी ठरायच्या जुलैची वाट न बघता, देशाने न्यूझीलंडकडून दोन जुन्या, लहान नौका विकत घेतल्या. किंमत २ कोटी ६० लाख युरो. घेण्याचं मोठं कारण असं की त्यांना माणसं कमी लागतात. न्यूझीलंडने त्या काढून टाकल्या होत्या, कारण दक्षिणेकडचा खवळलेला समुद्र त्यांना झेपत नव्हता. तरी हरकत नाही, आपण त्या इकडच्या शांत बाजूला, आयरिश समुद्रात वापरू, असं ठरलं. अटलांटिक काही पवईचा तलाव नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं म्हणायचं. मे २०२३ मध्ये या नौका कॉर्क बंदरात दाखल झाल्या. कशा? स्वतःच्या इंजिनावर नव्हे. एका भल्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या पाठीवर बसून, जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरांसारख्या, अर्ध्या जगाचा समुद्र न भिजता पार करून. आता विकणाऱ्याच्या घरची स्थिती ऐका. न्यूझीलंडचा समुद्र ४० लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या जमिनीच्या पंधरापट. आणि त्याच सुमारास तिथलीही जहाजं खलाशांअभावी धक्क्याला बांधलेली. पृथ्वीच्या या टोकाला एक बेट, त्या टोकाला दुसरं बेट, दोघांकडे माणसं नाहीत आणि दोघांमध्ये व्यवहार झाला तो लोखंडाचा. सोयरीक जुळली म्हणतात ती अशी. मुलाकडे नोकरी नाही, मुलीकडे नोकरी नाही, पण पत्रिका काय जमली!

इतका वेळ मी हसतोय. आता जरा हसू आवरतो, कारण या विषयातल्या एका शब्दाने माझं डोकं फिरतं. तो शब्द म्हणजे 'रिटेन्शन'. मनुष्यबळ टिकवणे. टिकवतात ते लोणचं. वर तेलाचा थर दिला, बरणीचं तोंड फडक्याने बांधलं, की वर्षभर टिकतं. माणूस टिकत नसतो, तो राहतो, आणि राहावंसं वाटलं तरच राहतो. कॉर्क बंदराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एका बेटावर गस्ती नौकांचा तळ. समोर थोडंसं पाणी. पाण्यापलीकडे औषधांचे मोठमोठे कारखाने. नौकेच्या इंजिनखोलीत घडलेला तंत्रज्ञ डेकवर हात पुसत उभा राहिला की त्याला आपली पुढची नोकरी नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बीण लागत नाही. तिथे पगार जास्त, संध्याकाळी घर, आणि महिनाभर अटलांटिकमध्ये उलट्या करत मुलाचा वाढदिवस बुडवायचा नाही. सागरी टेहळणी म्हणतात ती हीच. फक्त ती उलट्या दिशेने चालू आहे. २०२१ साली दोन वर्षं समुद्रावर राहण्याची हमी देणाऱ्याला दहा हजार युरो द्यायची योजना निघाली. वाईट नाही. पण घरभाडं ज्या देशात आभाळाला लागलंय तिथे त्या पैशांत किती महिने निघतात, याचा हिशेब खलाशाची बायको तुमच्या अहवालापेक्षा लवकर करते. ज्याने चार लाख चौरस किलोमीटर राखायचे, त्याला त्याच देशात दोन खोल्या परवडत नाहीत, आणि मग पुढच्या अहवालात 'गळतीची कारणे' असं एक प्रकरण येतं. प्रकरण कसलं? त्याला विचारा ना! समोरच उभा आहे. उद्या नसेल.

आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात माझा एक मित्र आहे. दोन ट्रॉलरचा मालक. संरक्षण नियोजनाचा कुठलाही कोर्स त्याने केलेला नाही, शाळाही त्याने पातळी एकवरच सोडली. पण १ जूनला मासेमारी बंद झाली आणि त्याचे नेपाळी खलाशी गावी निघाले की दोन महिने या माणसाला झोप लागत नाही. बोट रंगवायची, जाळी दुरुस्त करायची, ही कामं तो येता-जाता उरकतो. खरं काम म्हणजे फोन. याच्या बहिणीचं लग्न ठरलं का, त्याच्या बापाचं ऑपरेशन झालं का, गेल्या हंगामात तांडेल कुणावर विनाकारण ओरडला, बोटीवरच्या भातात खडे निघाले होते त्याबद्दल अजून कोण रागावून आहे. ॲडव्हान्स जुलैतच पोचता होतो. वाट्यावरून कुरकुर असेल तर ती नारळ सोडायच्या आधी मिटते. हे सगळं तो काही फार दयाळू आहे म्हणून करत नाही. चांगला कडक आहे. पण खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर गेला तर आपली बोट जेटीला आणि बँकेचा हप्ता चालू, एवढं साधं गणित त्याच्या डोक्यात पक्कं आहे. मी त्याला आयर्लंडची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, 'बोट काय हो, बँक देतेय. माणूस कोण देणार?' मग थोडा विचार करून म्हणाला, 'आणि ती पातळी म्हणजे काय? भरतीची की ओहोटीची?' मला उत्तर देता आलं नाही.

कोळ्यांचा विषय निघालाच आहे तर आयर्लंडच्या कोळ्यांचंही सांगतो. तो तीन पातळ्यांचा अहवाल निघायच्या जेमतेम दोन आठवडे आधीची गोष्ट. रशियाच्या युद्धनौकांचा सराव आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे २४० किलोमीटरवर होणार होता. पाणी आंतरराष्ट्रीय, पण मासे आयर्लंडच्या हक्काचे. डब्लिनमध्ये नाराजी व्यक्त झाली. नाराजी हे मोठं स्वस्त शस्त्र आहे, त्याला खलाशी लागत नाहीत. मग नैर्ऋत्येच्या बंदरांतले मच्छीमार उठले आणि म्हणाले, आमचा हंगाम आहे, आम्ही तिथेच जाळी टाकणार. शांतपणे, आळीपाळीने, एक होडी परत आली की दुसरी जाईल. तुम्हाला तोफा उडवायच्या तर उडवा. काही दिवसांतच रशियाने सराव आयर्लंडच्या क्षेत्राबाहेर हलवल्याचं जाहीर केलं. कारण दिलं सद्भावनेचं. सद्भावना तर सद्भावना. पण समुद्रावर जायला तयार असलेली माणसं त्या आठवड्यात देशाला सापडली ती तिथे. त्यांना कुणी महत्त्वाकांक्षेची पातळी विचारली नव्हती. होडी त्यांची होती, वाटा त्यांचा होता, आणि समुद्र आपला आहे हे त्यांना कुठल्या परिशिष्टात वाचावं लागलं नव्हतं.

आणि आपण आयर्लंडला हसायचं कारण नाही. आमच्या सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत. वर्षभरात चार वॉचमन गेले. शेवटचा गेला तो समोरच्या इमारतीत, महिना पंधराशे रुपये जास्त आणि पंख्याखाली बसायला जागा मिळते म्हणून. आता रोज सकाळी तो तिथून मला नमस्कार करतो. मी सर्वसाधारण सभेत उठून म्हणालो की वॉचमनला पंधराशे वाढवा आणि एक पंखा द्या. सभेने ते ऐकून घेतलं. मग दीड तास चर्चा करून वॉचमनची मंजूर पदं एकाची दोन करण्यात आली. ठराव एकमताने. चहा, समोसे.

काल सतरावा कॅमेरा बसला. तो गेटवरच्या रिकाम्या खुर्चीवर रोखलेला आहे.