बरोबरी? घड्याळाला विचारा!

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये यूएस चेस या तिथल्या बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनी खेळणाऱ्यांसाठी एक मजेदार कलम होतं: १४ एच. घड्याळात दोन मिनिटांहून कमी वेळ उरला की पंचाकडे बरोबरी मागता यायची. अट एवढीच, की दोघांना भरपूर वेळ दिला तर सी श्रेणीचा, म्हणजे मधल्या दर्जाचा, खेळाडू मास्टरविरुद्ध ती स्थिती हरण्याची शक्यता १० टक्क्यांहून कमी हवी. ही टक्केवारी पंचाने काढायची कशी? नजरेने, दुसरं काय! पुढे दर चालीला काही सेकंद सूट देणारी घड्याळं आली, कलम अडगळीत गेलं आणि चिवटांचं फावलं.

एक हत्ती इकडे, एक तिकडे, प्यादी संपलेली. तरी गडी हात पुढे करत नाही. शह. राजा सरकतो. पुन्हा शह.

पंचाईत अशी, की हे कधीकधी फळतं. २०२१मध्ये दुबईत, जगज्जेतेपदाच्या लढतीत, कार्लसनने नेपोम्नियाचीला १३६ चाली दमवून डाव घेतला. जुलै २०२५मध्ये बटुमीत, महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीतल्या टायब्रेकमध्ये, घड्याळाच्या धाकात कोनेरू हंपी चुकली आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने चषक नेला.

आता बरोबरी मागणाऱ्या पोराला पालक विचारणारच, ‘दिव्याने मागितली होती का?’