हजर!

जानेवारीतल्या एका रविवारी ओक ट्री रोडवरच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीनं मला ओळख द्यायचं नाकारलं. खरं तर एडिसनमधला हा रस्ता म्हणजे ओळखींचा बाजार. दुधी निवडता निवडता तीन जणांनी मला "काय, कधी आलात परत?" असं विचारलं होतं. मी चार वर्षांत भारतात गेलेलो नाही, ते सोडा. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, त्यांत वीस पौंड कणीक होती. मागे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई दोन स्वेटर, शाल आणि वर माझं जुनं जाकीट अशा बंदोबस्तात उभी. तापमान वीस. फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपलं उणे सात. मी दाराच्या मुठीला हात लावला. दार ढिम्म.

आमच्या गाडीची चावी म्हणजे खोबऱ्याच्या वडीएवढी काळी गुळगुळीत वडी. ती भोकात घालायची नाही, फिरवायची नाही. नुसती खिशात असावी लागते. मुठीला हात लागला की गाडी १२५ किलोहर्ट्झवर हळूच हाक मारते, जेमतेम मीटर-दीड मीटरवर ऐकू जाईल इतकी हळू. खिशातली वडी ती ऐकून जागी होते आणि ३१५ मेगाहर्ट्झवर "हजर" म्हणते. गाडी हजेरी मांडते, दार उघडतं. अमेरिकेत १९९३ च्या कॉर्व्हेटलाही अशी सोय होती. चावी घेऊन नुसतं जवळ गेलं की दार उघडायचं. त्या साली आमचे बाबा रोज सकाळी चेतक तिरकी करून किका मारत होते.

आता वडी खिशात, मी दाराशी, आणि हजेरीच्या वेळी सगळं चिडीचूप.

"मोबाइल दुसऱ्या खिशात ठेव," बायको म्हणाली. फोन चावीला चिकटून असला तर तिला हाक नीट ऐकू येत नाही, हे खरं आहे. ठेवला. काही नाही.

"सेल गेला असेल," आई म्हणाली. "थंडीत माझ्या घड्याळाचंही असंच होतं."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. कुठल्याही बिघाडावर माझा उपाय एकच: बंद करा आणि पुन्हा चालू करा. पण जी उघडतच नाही ती बंद कशी करायची, या तात्त्विक पेचात मी अडकलो. तेवढ्यात बायकोनं फोनवर व्हिडिओ काढला आणि कळलं, की वडीच्या पोटात एक खरीखुरी पोलादी चावी दडलेली असते आणि मुठीच्या टोकाशी टोपणाखाली तिच्यासाठी खरंखुरं कुलूपही असतं. सहा वर्षं गाडी वापरतोय! टोपण निघालं, चावी फिरली, दार उघडलं आणि गाडीनं "चोर, चोर" म्हणून भोंगा सुरू केला. मघाशी 'कधी आलात' विचारणारे गृहस्थ समोरून चालले होते. त्यांनीही मला ओळख दिली नाही.

कसेबसे आत बसलो. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'की नॉट डिटेक्टेड.'

"काय म्हणतेय?" आईनं मागून विचारलं.

"चावी सापडत नाही म्हणतेय."

"अरे, तुझ्या हातात आहे की. दाखव तिला."

मी हसलो. बायको हसली नाही, कारण तोवर ती मॅन्युअलच्या त्याच पानावर पोचली होती. उपाय शब्दशः तोच होता: वडी बटणाला टेकवून धरा. तिच्यात आणखी एक इवलीशी चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणामागच्या तारेच्या वेटोळ्यातून मिळेल तेवढ्या विजेवर ती आपलं नाव सांगते. कुंकू लावावं तशी मी वडी बटणाला टेकवली. भोंगा थांबला, गाडी सुरू झाली. आईनं यात काही विशेष घडलं असं दाखवलं नाही.

घरी येताना सेल घेतला. सीआर २०३२. नावातच माप आहे, वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हे बटणसेल लहान मुलं गिळतात आणि अन्ननलिका दोनेक तासांत भाजून निघते, म्हणून २०२२ साली इथं कायदा झाला आणि पाकिटं मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाली. कायदा अगदी योग्य. फक्त त्या पाकिटापुढं बेचाळीस वर्षांचा बाप्याही हरतो. शेवटी मासे साफ करायची कात्री चालवली. सेल बसवला. गाडीपाशी गेलो. गैरहजर!

मग मी अभ्यासाला बसलो. ओहायोत, क्लीव्हलँडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात २०१९ साली एका वस्तीतल्या गाड्यांच्या वड्या आणि गॅरेजची दारं एकदम रुसली. वीज कंपनी आली, टेलिफोन कंपनी आली, हौशी रेडिओवाले आले; जवळच नासाचं केंद्र असल्यानं लोकांच्या तर्काला आभाळच मोकळं. शेवटी निघालं काय, तर एका घरात कुणी हौसेनं केलेलं एक यंत्र. वरच्या मजल्यावर कुणी आलं की कळावं म्हणून बनवलेलं, आणि ते अखंड ३१५ मेगाहर्ट्झवर ओरडत होतं. बनवणाऱ्याला याचा पत्ताच नव्हता. आमच्या शेजारच्या तळघरातही रात्री निळा उजेड दिसतो. मी पडद्याआडून दोन रात्री पाळत ठेवली. त्यानं मत्स्यालय घेतलंय.

या अभ्यासात मॅन्युअलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत इथल्या सरकारी संपर्क आयोगाचा नियम भाग १५ वाचनात आला. त्याचा मथितार्थ असा: या उपकरणानं कुणाला उपद्रव देऊ नये, आणि दुसऱ्याकडून येईल तो उपद्रव निमूट सहन करावा. मी तो बायकोला वाचून दाखवला. "लग्नात मामींनी मला हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. मला मात्र आमच्या व्हिसाच्या अटी आठवल्या.

या सगळ्या काळात आईनं वडी उघडून सेल बाहेर काढला होता आणि त्याला बोट लावून बोट जिभेला.

"आई! काय करतेस?"

"कारल्याचा बाप आहे रे! याला काहीतरी फासलंय."

फासलेलंच होतं. मुलांनी थुंकून टाकावा म्हणून काही कंपन्या सेलला जगातल्या सर्वांत कडू रसायनांपैकी एकाचा हात देतात, आणि काही उपकरणांत तो लेप नेमका टेकायच्या जागी येऊन वीज अडवतो. आईनं जखमेवर लावायच्या स्पिरिटनं सेल पुसला, वडी मिटली आणि चपला घालून बाहेर गेली. मुठीला हात लावताच दार उघडलं.

तेव्हापासून चावी आईच्या ताब्यात. दुसरी वडी मागच्या बर्फात कुठं पडली ती पडली. नवी करायची तर विमानाचं अर्धं तिकीट. मी आईला एवढंच बजावलं, की चोर दारापाशी येऊन घरातल्या चावीची हाक पकडतात आणि गाडीपर्यंत पोचवतात, तेव्हा रात्री ती धातूच्या डब्यात ठेवावी. तिनं साताऱ्याहून आणलेला मेतकुटाचा स्टीलचा डबा रिकामा केला.

मार्चअखेर तिला सोडायला नूअर्क विमानतळावर गेलो. तिथं दाराशी गाडी उभी करू देत नाहीत, म्हणून इंजिन चालूच ठेवून बॅगा उतरवल्या, पाया पडलो, डोळे पुसले. गाडी मागे पिकपिक करत होती. तीही हळवी झाली असेल म्हटलं. परत निघालो तर टर्नपाइकवर पडद्यावर तीच अक्षरं: 'की नॉट डिटेक्टेड.' रस्त्यात इंजिन बंद पडून अपघात होऊ नये म्हणून गाडी धावत राहते. पण एकदा बंद केली की संपलं.

"सेल असेल," मी म्हणालो.

"फोन लांब ठेव," बायको म्हणाली.

मग दोघांनीही एकदम आईला फोन लावला. ती सुरक्षा तपासणी आटोपून निवांत बसली होती.

"आहे ना, माझ्या पर्समध्ये. काळजी करू नकोस, डब्यात ठेवलीये. इथं गर्दी फार आहे रे, कुणाचा काय भरवसा."