आधी फिल्टर बघा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्याही गाडीचं बोनेट उघडलं, की पानेकाका तिथे हजर होतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. बोनेटचा खटका सुटल्याचा आवाज त्यांना तिसऱ्या मजल्यावर, टीव्ही मोठ्याने चालू असतानाही ऐकू येतो. काकूंनी शेजारच्या खोलीतून मारलेली हाक मात्र येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान ठणठणीत असल्याचं सांगितल्यापासून काकूंचा त्या डॉक्टरांवरचा विश्वास उडाला आहे.

काकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर आलेली नाही. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, खाली अर्धी चड्डी, खिशाला टेस्टर आणि हातात दहा-अकराचा पाना. पाना नसला की त्या हाताचं काय करावं, हे त्यांना सुचत नाही. लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये विहिणीशी बोलतानाच्या फोटोत त्यांच्या हातात केटररचं उलथनं आहे. ते कुठून आलं, हे अजून उलगडलेलं नाही.

असा एक गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला आलेला असतो. तो कुठल्या तरी कारखान्यातून, एसटीच्या वर्कशॉपमधून, नाहीतर थेट बँकेतून निवृत्त झालेला असतो. बँकवाला जास्त धोक्याचा, कारण त्याचे हात जन्मभर शिवशिवत राहिलेले असतात. आमचे काका पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधले. त्यांच्या लेखी महत्त्वाच्या तारखा तीन : स्वतःच्या लग्नाची, लेकीच्या जन्माची आणि १४ डिसेंबर १९८३. पहिल्या दोन ते विसरतात. तिसरीला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती दिली होती.

काकांची स्वतःची ८०० अजून आहे. पांढरी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. दर पाच वर्षांनी ते आरटीओत तिची पुनर्नोंदणी करून आणतात, पर्यावरण कर भरतात आणि पावती देवघराच्या खणात ठेवतात. २०१० मध्ये नवे प्रदूषण-नियम आले आणि १३ शहरांत ८०० ची विक्री थांबली. त्या यादीत मुंबई-पुण्याच्या जोडीला सोलापूरही होतं. सोलापूर काकूंचं माहेर. काकांनी तो निर्णय आजतागायत सासरच्यांच्या खात्यावर मांडून ठेवला आहे.

या गाडीने काकांना एक तत्त्वज्ञान दिलं. तिचा पेट्रोलचा फिल्टर बोनेट उघडताच समोर दिसतो. अंगठ्याएवढी पारदर्शक प्लास्टिकची डबी, दोन रबरी नळ्या, दोन क्लिपा. आत कचरा साठला की बाहेरून दिसतो, आणि बदलायला दहा मिनिटं पुरतात. त्यावरून काकांनी सिद्धान्त काढला, की जगात बिघडत काहीच नाही, फक्त कुठे तरी चोकअप होतं. गॅस मंद जळतो, मिक्सर तापतो, लिफ्ट अडकते, जावयाचं प्रमोशन अडतं, सगळीकडे त्यांचं एकच म्हणणं : “आधी फिल्टर बघा.”

परवा तळमजल्यावरच्या तरुणाने महाबळेश्वरला म्हणून गाडी काढली. छोटी पेट्रोल हॅचबॅक, दहाएक वर्षांची. खंबाटकी घाट चढताना ती गचके खायला लागली, पिकअप घेईना, आणि वळणावर बंदच पडली. थोडा वेळ उभी राहिली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा मेली. महाबळेश्वरचा बेत वाईच्या गणपतीवर आटोपून मंडळी परतली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी एका वर्कशॉपात गेली. तिथे एसी लावलेल्या खोलीत कॉफी देऊन त्याच्या हातात अंदाजपत्रक ठेवलं गेलं. पेट्रोल पंपाची मोटर, इंजेक्टर साफसफाई, प्लग, कॉइल, सेन्सर. बेरजेच्या जागी जो आकडा होता, तो वाचून त्याने कॉफी परत करता येईल का, असं विचारलं म्हणतात.

संध्याकाळी त्याने नुसतं बघायला म्हणून बोनेट उघडलं. काका आले.

“सपाटीला कशी पळते?”

“मस्त पळते, काका.”

“चढावर?”

“मरते.”

“एसी लावला की?”

“लवकर मरते.”

“फिल्टर कधी बदललास?”

“ऑइल फिल्टर ना? मागच्या सर्व्हिसिंगला—”

“ऑइलचा नाही. हवेचा नाही. पेट्रोलचा.”

गाडीला पेट्रोलचाही फिल्टर असतो, ही बातमी त्याला नवीन होती. काकांनी पाना खिशात ठेवला. भाषणाला त्यांना दोन्ही हात मोकळे लागतात.

“हे बघ. टाकीतली मोटर पेट्रोल ढकलते, साधारण तीन बारच्या दाबाने. वाटेत फिल्टर. त्यात घड्या घातलेला कागद. केसाहून बारीक कचरा तो अडवतो, कारण पुढे इंजेक्टरची भोकंही बारीक. कागद हळूहळू भरत जातो. उभ्या गाडीला पेट्रोल लागतं किती? चमचाभर. तेवढं भरलेल्या कागदातूनही झिरपतं. पण घाटात, दुसऱ्या गिअरला, चार माणसं, बॅगा आणि एसी. इंजिन मागतं भरपूर, कागद देतो थेंबभर. म्हणून तुझी गाडी सिग्नलला शहाणी आणि घाटात वेडी.”

“पण ते म्हणाले, मोटर गेलीय.”

“गेलीही असेल. मोटर हजारांत, फिल्टर शेकड्यात. आधी काय बघायचं?”

हा युक्तिवाद बिनतोड असल्यामुळे एव्हाना जमलेल्या मंडळींना तो पटला नाही. कुणी बॅटरी म्हणालं, कुणी क्लच, कुणी गाडीचा रंग. काकांनी पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा विषय काढला. जुन्या टाकीच्या बुडाला बसलेला साका ते सोडवतं, ओलही धरतं, आणि तो सगळा माल फिल्टरवर येऊन बसतो, असं त्यांनी सांगितलं. त्याबरोबर बी विंगमधले कोल्हापूरचे गृहस्थ पुढे आले. ते साखर कारखान्याचे सभासद आहेत. “उसाला नावं ठेवायची नाहीत,” त्यांनी बजावलं. “उसाला नाही, टाकीला ठेवतोय,” काका म्हणाले, आणि तंटा मिटला.

काकांच्या पद्धतीत रोग ठरवण्याआधी पेट्रोलची परीक्षा होते. फिल्टर पेपर मागून भेसळ तपासायचा ग्राहकाला हक्क आहे, आणि तो हक्क बजावणारा माणूस काकांखेरीज मी तरी पाहिलेला नाही. पंपावर गेल्यावर ते आधी कागद मागतात. पहिल्यांदा तो मॅनेजरच्या खणात, गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाखाली सापडला होता. काकांनी नोझलचं तोंड पुसलं, कागदावर एक थेंब सोडला आणि कागद हवेत धरून उभे राहिले. दोन मिनिटांत थेंब उडून गेला पाहिजे, डाग राहता कामा नये. मागे रांग लागली, हॉर्न वाजू लागले. एका रिक्षावाल्याने खाली उतरून विचारलं, “काका, पास झालं का?” झालं होतं. आता पांढरी ८०० वळताना दिसली, की तिथली पोरं कागद आधीच काढून ठेवतात.

फिल्टर आणायला नाना पेठ. काका रिकाम्या हाताने दुकानात जात नाहीत, जुनी वस्तू नमुना म्हणून नेतात. इथे नमुना अजून गाडीतच होता, म्हणून ते आरसी बुकाची झेरॉक्स, चासी नंबर आणि गाडीखाली झोपून काढलेला फोटो घेऊन गेले. काउंटरवरच्याने कशाकडेही न बघता खोका पुढे केला. काकांना ते अपमानास्पद वाटलं.

शस्त्रक्रिया रविवारी सकाळी नऊला. गाडी थंड हवी, म्हणून तरुणाला शनिवारी रात्री पिक्चरला रिक्षाने धाडलं होतं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून दोन लोखंडी स्टँडांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला काका माणसांत धरत नाहीत. जिन्याखालची लाल बादली आणवली. तिच्यातल्या वाळूवर सोसायटीच्या मांजरीचा आधीपासून ताबा होता, पण आगीला ते कुठे कळतं, असं म्हणून काकांनी ती चालवून घेतली. सिगरेट ओढणाऱ्या दोघांना गेटबाहेर काढलं. मग मोटरचा रिले उपटून इंजिन सुरू केलं, आणि नळीतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत वाट पाहिली. दाब उतरवल्याशिवाय नळी सोडली, तर पेट्रोल थेट डोळ्यांत उडतं. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि काका फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेले. वर फक्त चपला दिसत राहिल्या.

टॉर्च धरायला सातवीतला एक मुलगा होता. टॉर्च धरणारा नेहमी स्वतः बघत असतो तिथेच उजेड पाडतो. पुढचा अर्धा तास गाडीखालून “इकडे... इकडे रे... अरे, माझ्या तोंडावर नको,” एवढंच ऐकू येत होतं.

जुना फिल्टर निघाला. काकांनी त्याचं टाकीकडचं तोंड खाली करून तो पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत उपडा केला. आधी चहाच्या रंगाचं पेट्रोल आलं. मग गढूळ, काळपट धार आली, आणि ती थांबल्यावर तळाला विटकरी कण बसले. काकांनी ताटली जराशी कलती केली. पेट्रोल एका काठाला गेलं, कण जागच्या जागी चिकटून राहिले. त्यांनी एक कण बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला. बोटावर गंजाची रेघ उमटली. ताटली मग सगळ्यांसमोरून फिरली. ती आपली नेहमीची पोह्यांची ताटली असल्याचं काकूंनी गॅलरीतून ओळखलं.

“बाण बघा!” काका ओरडले. नव्या फिल्टरवर पेट्रोल कुठून कुठे जायचं, याचा बाण असतो. बाण कुणाचा, यावर महाराष्ट्रात कितीही भांडणं झाली असली, तरी हा इंजिनाकडेच वळवायचा. नळ्या बसल्या, खट् असा आवाज झाला, काकांनी प्रत्येक नळी ओढून पाहिली. बॅटरी जोडली, रिले लावला. किल्ली फिरवायची पण इंजिन लावायचं नाही, असं दोन-तीनदा करायला लावलं. दर वेळी मागच्या सीटखालून मोटरचा घूं आवाज आला आणि थांबला. नळीत पेट्रोल भरलं. सांध्यांना कोरडा कागद लावून काकांनी गळती नसल्याची खात्री केली. मग इंजिन एका किल्लीत लागलं. टाळ्या वाजल्या. क्लच म्हणणाऱ्यानेही वाजवल्या.

पुढच्या रविवारी तरुण एसी लावून खंबाटकी चढून आला. पेढे घेऊन आला खरा, पण चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद नव्हता. “काका, एवढंच होतं?” त्याने दोनदा विचारलं. मोटर, इंजेक्टर, सेन्सर यांच्यासाठी त्याने मनाची तयारी केली होती, बायकोची केली होती, एक एफडी मोडायची ठरवली होती. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. एवढ्या मोठ्या संकटाचं कारण चार-पाचशे रुपयांचा कागद निघावा, हे त्याला जरा कमीपणाचं वाटत होतं. पानेकाकांवर लोक मनातून खट्टू असतात, ते यामुळे. आपलं दुखणं मोठं असावं, अशी माणसाची इच्छा असते, आणि काका त्याला सगळ्यांत स्वस्त कारण काढून देतात. मजुरी ते घेत नाहीत. जुना फिल्टर मात्र घेतात, हॅक्सॉने कापून आतला कागद उलगडतात आणि तारीख घालून माळ्यावर ठेवतात. वार्षिक सभेत पाणीपट्टीचा विषय आला, की त्यातला एखादा काढून दाखवतात.

अलीकडे काकांचे दिवस जरा पडते आहेत. नव्या गाडीचं बोनेट उघडलं, तर आत काळं प्लास्टिकचं झाकण. फिल्टर बहुतेक गाड्यांत टाकीतच, मोटरच्या गळ्यात बांधलेला. तो बघायचा तर मागची सीट उचला. सी विंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी आली, तेव्हा काका तिच्याभोवती फेऱ्या मारून आले आणि त्या रात्री नीट जेवले नाहीत. पेट्रोल नाही म्हणजे फिल्टर नाही. चार दिवसांनी त्यांना कळलं, की डॅशबोर्डच्या कप्प्यामागे एसीचा केबिन फिल्टर असतो आणि तो हाताने निघतो. तेव्हापासून त्या गाडीच्या मालकाला ते रोज विचारतात, “हवा कमी येते का हो?”

मधे काकांच्या घरी स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी बारीक यायला लागलं. हे प्रकरण गंभीर आहे, हे त्यांनी लगेच ओळखलं. गच्चीवरची टाकी चुकीच्या उंचीवर बांधली आहे, पाइप कमी जाडीचे टाकले आहेत, मोटर बसवताना चेअरमनने कमिशन खाल्लं आहे. त्यांनी नकाशा काढला आणि कमिटीला चार पानी पत्र लिहिलं. पत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी धो धो यायला लागलं. काका ही विजयाची गोष्ट पार्किंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

त्या दिवशी दुपारी काकू आमच्याकडे जुना टूथब्रश मागायला आल्या होत्या. तो परत द्यायला आल्या, तेव्हा हिला म्हणाल्या, “नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. भरली होती वाळूने. घासून परत लावली.”

“मग काकांना सांगितलं नाही?”

“छे गं,” काकू म्हणाल्या. “चार पानं लिहिलीत त्यांनी. एवढंसं कारण त्यांना सोसायचं नाही.”